वीतभर जास्त

६ एप्रिल १९३३

मिसबाई रजेवर विलायतेला गेल्या तेव्हा ही वही देऊन गेल्या. म्हणाल्या, "तुळसाबाई, यात रोज देवाचे उपकार लिहा." चार दिवस लिहिले. आज लिहायचं आहे ते उपकारांत बसणारं नाही, पण घरात दुसरा कागद नाही. देवाने समजून घ्यावं.

आमच्या ख्रिस्ती मंडळीचं कबरस्थान गावाबाहेर सड्यावर आहे. वर चार बोटं माती आणि खाली सगळा जांभा. पावसात तिथे कबर खणायची म्हणजे एक घमेलं दगड काढावा तर दोन घमेली पाणी भरतं. म्हणून आमच्याकडे पावसाआधीच दोन कबरी खणून ठेवतात, एक मोठ्या माणसाची आणि एक लेकराची. वर नारळाच्या झापांचं छप्पर घालायचं, भोवती बांध घालायचा आणि ठेवून द्यायच्या. कोणाच्या ते कोणालाच माहीत नसतं. पावसात ज्याला आधी बोलावणं येईल त्याची. कोणी गेलंच नाही तर हंगामाच्या उपकारस्तुतीच्या रविवारी सगळी मंडळी जाऊन त्या बुजवते आणि देवाचे आभार मानते. हे काम आमच्या घरधन्याचं. पूर्वी ते चिरेखाणीवर होते, बाप्तिस्म्यानंतर देवळाची झाडलोट आणि हे खणणं त्यांच्याकडे आलं.

आज भाकरी घेऊन गेले तर हे विहिरीवर गेलेले. पाहते तो यंदा लेकराची कबर नाहीच. दोन्ही मोठ्या, आणि शेजारी शेजारी, मध्ये हातभर भिंत. यंदा ह्यांचा खोकला फार वाढलाय, तेव्हा एक कोणासाठी ते मला कळलं. दुसरीही कळली असं वाटलं. खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. इतक्या वर्षांत ह्या माणसाने तोंडाने कधी काही म्हटलं नाही, पण शेजारी जागा केली. मी इकडेतिकडे पाहिलं आणि आत उतरून आडवी झाले.

डोकं एका टोकाला टेकलं तर पाय दुसरीकडे पोचेनात. बरीच जागा उरली. वर येऊन, खणताना मापाला आणलेली देवळातली काठी लावून पाहिली. पहिली कबर काठीला बरोबर. दुसरी काठीपेक्षा वीतभर जास्त लांब.

एवढ्या उंचीचं माणूस आमच्या मंडळीत एकही नाही. ह्यांच्या आयुष्यात एकच होतं. भाकरी तिथेच ठेवून मी घरी आले.

७ एप्रिल

विचारलं. म्हणाले, "कोण येल ते कुणाला ठाऊक? उंच मानूस आलं तर पाय दुमडून घालशील काय?"

आणि खोकला काढला. अडचणीचं काही विचारलं की ह्यांना खोकला बरा येतो.

१६ एप्रिल. पुनरुत्थानाचा सण

पाळकसाहेब रिकाम्या कबरीवर बोलले. मी सगळा वेळ त्या दुसऱ्या रिकाम्या कबरीचा विचार करत होते.

आता राहीचं लिहितेच. राही माझी सवत. मला मूल होईना म्हणून सासूने तिला आणली. तिलाही झालं नाही. तेवढ्या एका बाबतीत देवाने आम्हाला सारखं तोललं. बाकी सगळं तिला दिलं. रंग, आवाज आणि उंची. आमच्या घराच्या दारातून ती वाकूनच आत यायची. हे खाणीवरून आले की आधी ओरडायचे, "वाक गो, डोकं आपटेल," आणि ती हसायची. मी चुलीजवळ बसून ते ऐकायची. मला वाकायची कधी गरज पडली नाही.

पुढे आम्ही शुभवर्तमान ऐकलं, बाप्तिस्मा घ्यायचं ठरलं. तेव्हाचे गोरे साहेब म्हणाले, ख्रिस्ती माणसाला बायको एकच. नियम असा की पहिली राहील, दुसरीला सोडायचं. ह्यांनी मंडळीपुढे शपथ घेतली की पुन्हा तिचं तोंड पाहणार नाही. राही तिच्या भावाकडे, खेडच्या अंगाला गेली. जाताना ती माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले.

माणसं मला म्हणतात, तुळसाबाई, तुम्हाला ठेवलं. नियमाने ठेवलं. ह्यांना निवडायला सांगितलं असतं तर काय झालं असतं हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही. आता ती कबर बोलली.

आज दुपारी बायकांच्या वर्गात मीच धडा घेतला. आपण या जगात वस्तीला आलेले वाटसरू, इथली जागा आपली नव्हे, इथे जीव गुंतवू नये. गोदूबाई शेजारीण रडली. म्हणाली, "तुमच्या तोंडून ऐकलं की मन निवतं हो." मी मनात म्हटलं, एका हातभर भिंतीपलीकडच्या जागेसाठी माझा जीव जळतोय ते तुला दिसत नाही हे बरं आहे.

४ मे

खोकल्यातून रक्त पडलं. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षांची दगडाची धूळ छातीत बसलीय, आता उपाय नाही. ह्यांचा पाऊस निघेल का विचारलं तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

संध्याकाळी पाळकसाहेब आले. ह्यांच्याशी बोलले, मग मला पडवीत बोलावलं. "तुळसाबाई, काशीरामला मरणाआधी राहीला एकदा पाहायचं आहे. शपथ मंडळीपुढची आहे, पण मरणाऱ्या माणसाला मंडळी अडवणार नाही. फक्त तुमची हरकत असेल तर मी निरोप पाठवणार नाही."

उद्या सांगते म्हटलं.

५ मे

हो म्हणून सांगितलं. गोदूबाई म्हणते, केवढं मोठं मन. मन कसलं मोठं? दर थंडीत हे पाळकसाहेबांच्या सामानाबरोबर खेडकडच्या फेरीवर जायचे. दरवेळी परत आले की दोन दिवस गप्प. वीस वर्षं मी त्या दोन दिवसांचा हिशोब लावतेय. शपथ मोडली की पाळली ते दोघं समोरासमोर आली की मला त्यांच्या तोंडावर दिसेल. भेटत राहिलेली माणसं एकमेकांकडे रोजच्यासारखीच पाहतात. त्यासाठी बोलावतेय. यात मोठेपणा नाही.

२४ मे

यंदाची शेवटची आगबोट आज लागली. आता नारळी पौर्णिमेपर्यंत बंदर बंद. बोटीने राही आली.

मी नवं लुगडं नेसून दारात उभी होते. केस नीट केले होते. पंचावन्न वर्षांच्या बाईने हे करावं का, पण केलं. वाटेने हमालाबरोबर एक म्हातारी येत होती. कमरेतून पार मोडलेली, तोंड जमिनीकडे, हातात काठी. मी तिच्यामागे पाहत राहिले, उंच बाई कुठे दिसते का. म्हातारी पायरीशी थांबली आणि मान वाकडी करून वर पाहिलं.

"बाय, मी राही. वळाखलंस नाय?"

भावाच्या शेतावर भाताचा भारा घेऊन बांधावरून पडली म्हणे, त्याला आता दहाबारा वर्षं झाली. कणा गेला. आता ती माझ्या खांद्याला लागत नाही.

हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मग ह्यांच्या खेडच्या फेऱ्या आठवल्या आणि एकदम लक्षात आलं. ह्यांनी तिला पाहिलं असतं तर ती कबर वीतभर जास्त कशाला खणली असती? शपथ पाळली होती. वीस वर्षांचा माझा संशय एका क्षणात खोटा ठरला. मला हायसं वाटायला हवं होतं. पण दुसरा विचार पाठोपाठ आला आणि तो जास्त झोंबला. मी रोज ह्यांच्या समोर राहिले, म्हणून रोज थोडी म्हातारी झाले. ती समोर नव्हती, म्हणून ह्यांच्याजवळ तशीच उंच राहिली.

२५ मे

आज सकाळी तिला आत नेलं. हे जागे होते. ती खाटेच्या पायाशी जाऊन खाली बसली. ह्यांनी पाहिलं आणि मला विचारलं, "ही कोण गो?"

मी तोंड उघडलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आधी बोलली. "वाटंवरची हाय. खेडाकडची."

ह्यांचे डोळे असे उजळले की मी खिडकीबाहेर पाहिलं. "खेडाकडची? मग राही दिसली काय तुला? उंच बाई. लांबसडक. गर्दीत उभी ऱ्हायली तरी दिसंल."

"दिसली," राही म्हणाली. "निघालीय. येल."

सांगता आलं असतं, ही काय, पायाशी बसलीय. नाही सांगितलं. का नाही ते लिहिणार होते, पण लिहून ते बरं दिसणार नाही.

नंतर ती पडवीत बसून माझ्या सुकटीची डोकी मोडत होती. मी विचारलं, खोटं का बोललीस? म्हणाली, "त्येच्याजवळ ती चांगली हाय तशी ऱ्हावंदे. मी जाऊन तिला कशाला मोडू?"

मला तिचा राग आला. एवढ्या चांगल्या बाईचा मत्सर करायलाही लाज वाटते, आणि तो जातही नाही.

११ जून

बंदर बंद, नद्यांना पाणी, हिला या कमरेने चालवत नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत ही इथेच. पडवीत झोपते. पहाटे मी उठायच्या आत परड्यातला पाला झाडलेला असतो. मी म्हटलं, पाहुणीने काम करू नये. ती म्हणाली, "मी भावाकडंबी पाहुणीच होते, बाय. वीस वर्षां. पाहुणीला कामच करावं लागतं, नायतर लोकां विचारतात कवा जातलंस."

तिला जेवायला वेगळं पान असायचं तिथे. किरिस्तावांच्या घरची म्हणून. आणि आम्ही तिला सोडली ती आम्ही किरिस्ताव झालो म्हणून.

माझ्या वाटसरूंच्या धड्याला ही बसली नाही ते बरं झालं.

२८ जून

ह्यांचं एकच चाललंय. आली काय? आली काय? पेज भरवणारी मी, पाठ चोळणारी मी, तस्त धरणारी मी. आणि विचारणा तिची. ती पायाशी बसून दरवेळी सांगते, "वाटंत हाय." तिचा आवाज कापत नाही. माझाच जीव वर येतो.

३ जुलै

आज दुपारी हे गेले.

सकाळपासून श्वास लागला होता. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. थोड्या वेळाने ह्यांनी पुन्हा विचारलं, "आली काय?" आता आवाज नव्हता, ओठ हलले नुसते. राही त्या वेळी बाहेर पाणी आणायला गेली होती. ती तांब्या घेऊन दारात आली, वाकलेली, मागून उजेड. तिचा चेहरा दिसत नव्हता.

मी ह्यांच्या कानाशी गेले आणि म्हटलं, "आली. ती बघा दारात. चौकट लागेल म्हणून वाकलीय."

ह्यांनी दाराकडे पाहिलं. पाहत राहिले. आणि म्हणाले, अगदी स्वच्छ, "वाक गो, डोकं आपटेल."

राही जागची हलली नाही. तशीच वाकून उभी राहिली, ह्यांचे डोळे मिटेपर्यंत.

गोदूबाई म्हणते, तुम्ही मोठी दया केलीत. दया नव्हे. ती विचारणा एकदाची थांबावी एवढंच मला हवं होतं. आणि शेवटचा शब्द तिला मिळाला. मला कोणता मिळाला ते आठवायला बसले तर "तस्त पुढे कर" एवढंच आठवलं.

४ जुलै

सड्यावर नेलं. पहिली कबर काठीच्या मापाची होती, पेटी बरोबर बसली. पाळकसाहेबांनी मनुष्याचं आयुष्य गवतासारखं यावर थोडकं सांगितलं, वारा फार होता. राहीचा बाप्तिस्मा नाही म्हणून ती कबरस्थानाच्या दगडी गडग्याबाहेर उभी होती. गडगा कमरेइतका आहे. तिचं डोकं जेमतेम त्याच्यावर दिसत होतं, तोंड जमिनीकडे. मला वाटतं तिला आतलं काहीच दिसलं नसेल.

मला दिसत होतं. शेजारची, झापांखालची.

२३ जुलै

राहीने पाळकसाहेबांकडे बाप्तिस्मा मागितला. मला आधी सांगितलं नाही. ते मला विचारायला आले. म्हणाले, आता दोघीही विधवा, नियमाची अडचण उरली नाही. तरी घर तुमचं, तुमचं मन काय म्हणतं?

मन म्हणतं, बाप्तिस्मा झाला की गडग्याच्या आत तिचा हक्क. आणि पावसात ती गेली तर ती कबर तिची. तिच्या मापाची नसली तरी तिच्याचसाठी खणलेली.

मी राहीला विचारलं, जागेसाठी घेतेस की प्रभूसाठी? म्हणाली, "बाय, तुमचा देव परक्यांचा हाय म्हणतात. मंग तो माजाच झाला की. दुसरा कोण माजा म्हणतो?"

पाळकसाहेबांना सांगितलं, हरकत नाही. नाही म्हटलं असतं तर सगळ्यांना कारण कळलं असतं.

२० ऑगस्ट

राहीचा बाप्तिस्मा झाला. नाव बदलायचं का विचारलं तर म्हणाली, त्याच नावाने हाक मारतात, देवालाही तेच बरं पडेल. मंडळी हसली. मला तिचं हे बोलणं आवडलं, त्याचा राग आला.

२ सप्टेंबर

राहीला हिवताप. थंडी वाजली की खाट हलते. मी तिला पडवीतून आत, ह्यांच्या खाटेवर आणलं.

९ सप्टेंबर

ताप उतरत नाही. डॉक्टरांनी क्विनाइन दिलंय. कडू म्हणून ती थुंकते, मी नाक धरून पाजते. कोंबडी कापली, रस्सा करून घातला. माझं जाड कांबळं तिच्यावर, माझ्यावर चादर.

गोदूबाईने पुन्हा सुरू केलं, सवतीसाठी एवढं कोण करतं. मी तिला स्पष्ट सांगितलं. पाऊस अजून संपलेला नाही. कबर अजून उघडी आहे. ही आता मेली तर थेट ह्यांच्या शेजारी जाऊन निजेल, आणि मी पुढे कधीतरी कुठल्यातरी कोपऱ्यात. म्हणून हिला मरू द्यायची नाही. उपकारस्तुतीचा रविवार उलटेपर्यंत तरी नाही. त्यानंतर दोघींना सारखीच जागा, कुठेही.

गोदूबाई म्हणाली, "बरं हो, तसं का असेना," आणि तोंडाला पदर लावला. तिला काही कळलेलं नाही.

१४ सप्टेंबर

आज ताप नाही. तिने पेज मागितली. मी चुलीशी बसून रडले. जागरणाने होतं असं.

८ ऑक्टोबर

विशेष काही नाही. आम्ही दोघींनी मिळून ओल्या भिंतीला खालून माती लावली. तिला खालचं काम चांगलं जमतं, मला वरचं. जेवताना ती विचारत होती, माझं इथलं काम झाल्यावर मला खेडला पाठवशील काय? मी म्हटलं, कसलं तुझं काम? आगबोटी सुरू होऊन दोन महिने झाले, जायचं होतं तर गेली असतीस. गप जेव.

२९ ऑक्टोबर. उपकारस्तुतीचा रविवार

देवळात भाताच्या लोंब्या, काकड्या, नारळ आले. उपासनेनंतर सगळी मंडळी सड्यावर गेली. यंदा पावसात आमच्यातून एकटे हेच गेले, म्हणून दुसरी बुजवायची होती. छप्पर काढलं. झापांखाली कबर कोरडी, जशीच्या तशी. बाजूंवर ह्यांच्या टिकावाचे घाव दिसत होते.

दोन पुरुष माती ओढायला लागले. मी आणि राही काठाशी उभ्या. ती काठीवर भार देऊन आत पाहत होती.

"बाय, ही एवढी लांब कोणासाठी काढली गो त्येनी? दोन मानसां मावतील."

ती ज्या माणसाच्या पायाशी महिनाभर बसली, त्याने तिला ओळखलं नव्हतं. दारातलं ते शेवटचं बोलणंही त्या उंच राहीला होतं, हे तिला माहीत आहे. ती कधी बोलली नाही, पण तो काटा तिच्या मनात आहे. आणि त्यावरचं औषध फक्त माझ्याजवळ होतं. एप्रिलपासून मी ते गाठीला बांधून बसले होते. नाही सांगितलं असतं तर कोणाला कळणार होतं? अर्ध्या तासात सगळं मातीखाली गेलं असतं.

"तुझ्यासाठी," मी म्हटलं. "काठीपेक्षा वीतभर जास्त. तुझ्या मापाने."

मग तिने एक विचित्र गोष्ट केली. काठी खाली टाकली, माझा खांदा धरला आणि सरळ व्हायला लागली. किती जोर केला तिने. कण्हली, घाम फुटला. माझ्या कानापर्यंत आली असेल. तेवढ्या वरून तिने त्या कबरीची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली.

मग तिचा तोल गेला. मी दोन्ही हातांनी तिला घट्ट धरलं. नाहीतर ती तिथेच पडली असती, आणि जागा तिची झाली असती.